सात हजार दोनशे किलोमीटर

मुंबई ते लंडन सात हजार दोनशे किलोमीटर. विमानाला साधारण साडेनऊ तास लागतात. परतीला वारा पाठीशी असल्यामुळे तासभर कमी. हे सगळं मी आठवडाभर वाचून वहीत उतरवलं होतं. पेडण्याच्या एका शाळेच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला भीतीवर दुसरा उपाय माहीत नसतो.

उद्या दुपारी लंडनमध्ये आमच्या सिद्धीचं ऑपरेशन होतं, डोक्यातल्या गाठीचं. आई समोर दिसल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिने फोनवर सांगितलं होतं. तारीख चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी, आणि गाठ तोवर थांबेल याची खात्री डॉक्टर देत नव्हते. व्हिसा एकट्या माझ्या बायकोला, सुमंगलेलाच मिळाला. ती याआधी म्हापशाच्या पलीकडे कधी एकटी गेली नव्हती. आता तिला मुंबईला विमान बदलून लंडनला जायचं होतं.

मोपचा विमानतळ आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. तरी मी तिला तीन तास आधी बाहेर काढलं. शेजारच्या बाबलीने आपली टॅक्सी आणली. विमानतळाच्या दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, हे मुंबईचं विमान गोव्यातल्या दुसऱ्या विमानतळाहून, दाबोळीहून सुटतं.

तिकीट मीच काढलं होतं. ‘गोवा’ एवढं वाचून पुढे गेलो होतो.

“मास्तरानू,” गाडी वळवत बाबली म्हणाला, “लंडन खंय आसा ता तुमका म्हायत, आणि आपला विमान खंयसून सुटता ता नाय?”

पासष्ट किलोमीटर. काउंटर बंद व्हायला एक तास पन्नास मिनिटं. म्हापशापर्यंत गाडी बरी धावली. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामापाशी मात्र सगळं थांबलं. समोरच्या ट्रकचा मागचा दिवा फुटलेला होता. मी तेवढाच बघत राहिलो. सिद्धीला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होतो आणि एकही पुरं होत नव्हतं. सुमंगला ओठ हलवत होती. मला वाटलं जप चालला आहे. नीट ऐकलं तर मीच शिकवलेलं इंग्रजी वाक्य होतं, माझी मुलगी इस्पितळात आहे. तेच पुन्हा पुन्हा.

बावीस मिनिटांनी वाट मोकळी झाली. झुआरीचा पूल बाबलीने कसा ओलांडला ते मी डोळे मिटून घेतल्यामुळे सांगू शकत नाही. दाबोळीला पोचलो तेव्हा सहा मिनिटं उरली होती. मला आत सोडेनात. काचेपलीकडे बॅग ओढत धावणारी तिची पाठ दिसली, मग तीही दिसेना.

दहा मिनिटांनी तिचा फोन आला. बोर्डिंग पास मिळाला होता. मी तिथेच कठड्यावर बसलो.

“ऐकलात?” तिने हळूच विचारलं. “मुंबयत विमानतळ किती आसत?”

“आता दोन.”

“आणि लंडनात?”

“सहा,” मी म्हणालो. आकडा मला पाठ होता.

तिच्या मागे कसलीशी घोषणा चालू होती. सगळं तपासलंय, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण तपासलं होतं का?

“सुमंगले, माझ्यार विश्वास ठेव नको,” मी म्हटलं. “दिसात त्या माणसाक इचार. मी लाजान कोणाक इचारलंच नाय.”

“बरां,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी चष्मा पुसला, फोनवर तिकीट उघडलं आणि पहिल्या अक्षरापासून वाचू लागलो.