माझ्या पोटातला भंडारा

मित्रांनो, मी बुरणूस, म्हणजे लोकर दाबून केलेली जाड घोंगडी, बनवणारे एक जुने यंत्र आहे, आणि माझ्या अंगावरचा एकही भाग मुळात माझ्यासाठी बनवलेला नव्हता. पाय पेरणीयंत्राचे, मोटर कपडे धुण्याच्या यंत्राची, तीन लाटणी पाण्याच्या नळांची आणि झाकण कुणाच्या तरी मोटारीचे. तरी मला माझा अभिमान आहे.

माझा जन्म किर्गिझस्तानात, बिश्केक शहराबाहेरच्या एका कारखान्यात झाला. पूर्वी म्हणे तिथे शेतीची अवजारे बनत आणि दूरदूरच्या मुलखात जात. मग किर्गिझस्तान ज्याचा भाग होता तो मोठा देश फुटला, मागणी थांबली आणि निम्म्या शेडमध्ये कपड्यांचा बाजार भरू लागला. उरलेल्या शेडमध्ये पडेल ते काम व्हायचे. सोमवारी फाटक, मंगळवारी चूल, बुधवारी कुणाच्या तरी घोडागाडीचा कणा. एका गुरुवारी डोंगरातल्या बायकांनी लोकर दाबायचे यंत्र मागितले, आणि आयगुल नावाच्या वेल्डरबाईंनी भंगाराच्या ढिगातून मला उभे केले. नवे लोखंड महाग, जुने भरपूर आणि माणसे हिकमती, असा तो कारखाना होता.

आठ वर्षे मी त्या बायकांसाठी लोकरीच्या सपाता केल्या. त्या माझे फार कौतुक करायच्या. मग लुकलुकत्या दिव्यांचे एक नवे यंत्र आले आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलणार नाही.

त्या बायकांच्या गावात सहलीला आलेल्या उत्कर्षाने मला पाहिले. ती मुळशी तालुक्यातल्या भुकूमची, बिश्केकला डॉक्टरकी शिकत होती. तिची आजी राजाबाई एके काळी बुरणुसासाठी नावाजलेली. बुरणूस विणत नाहीत. लोकर साबणाच्या गरम पाण्यात भिजवून, फडक्यात गुंडाळून, तासन्‌तास पायांनी तुडवतात. त्यात आजीचे गुडघे गेले आणि काम सुटले. उत्कर्षाने गुडघ्यांवर औषध म्हणून मलाच पाठवून दिले. मुंबई बंदरावरच्या हमालांनी मला व्यायामाचे यंत्र समजून थोडा व्यायामही केला.

भुकूमला माझे स्वागत बेताचेच झाले. राजाबाईंचे यजमान सिद्धूआजोबा मेंढ्या पाळत. पण चराईची राने विकली गेली होती, तिथे इमारती उठल्या होत्या, आणि लोकर कुणी फुकटही नेत नव्हते. कातरायची आणि खड्ड्यात पुरायची. आजोबांनी मेंढ्या विकायचे ठरवले होते. रविवारी कोंडिबा व्यापारी टेम्पो घेऊन येणार होता. राजाबाईंनी एवढेच कबूल करून घेतले होते की, लोकरीला गिऱ्हाईक मिळाले तर मेंढ्या राहतील. तसे एक गिऱ्हाईक दिसत होते. धरणाकाठच्या एका रिसॉर्टच्या अपेक्षा मॅडमना बारा पांढरेशुभ्र बुरणूस हवे होते. त्याही रविवारीच येणार होत्या. पसंत पडले तर दरवर्षी घेणार होत्या.

सोमवारी मला कामाला लावायचे ठरले. पण नव्या वस्तूची पूजा झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा आजोबांचा नेम. नारळ फुटला, कुंकू लागले. मग भंडारा, म्हणजे देवाची हळद. चिमूटभर टाकून आजोबांचे समाधान होईना.

“परमुलखातनं आलंय. ह्याला आपला देव ठाव न्हाई. आत पातुर गेला पायजे,” असे म्हणून त्यांनी माझे झाकण उघडले आणि दोन ओंजळी भंडारा माझ्या पोटात उधळला.

मला गुदगुल्या झाल्या, पण इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी जीव तोडून काम केले. राजाबाई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. सगळ्या गुंडाळ्या तशाच मुरत ठेवून शेवटी एकदम सोडायच्या, ही त्यांची माहेरची रीत. वरची फडकी जुन्या लाल लुगड्यांची होती, म्हणून कुणालाच काही दिसले नाही.

गुरुवारी गुंडाळ्या सुटल्या. बाराही बुरणूस पिवळेधमक निघाले, आणि साबण जास्त लागला होता तिथे लालभडक. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आजोबा मटकन खाली बसले. “बघ, देवानंच नको म्हनलं. जाऊ द्यात मेंढरं.”

राजाबाईंनी एक कोपरा उचलून वास घेतला. “देव न्हाई, साबण हाय त्यो. हळदीच्या लुगड्याला साबण लागला की असंच व्हतंय. साध्या पान्यात काढायचं अन्‌ ऊन दाखवायचं, उतरतंय. तुमी घातलाया भंडारा, तुमीच वाळवा.”

आता ऊन म्हणाल तर भुकूममध्ये तेही सहज मिळत नाही. घरामागे अकरा मजल्यांची इमारत आहे आणि तिची सावली अंगणभर फिरते. शुक्रवारी सकाळपासून आजोबा जड, ओले बुरणूस खांद्यावर टाकून त्या सावलीच्या पुढे पळू लागले. अंगणातून गोठ्याच्या पत्र्यावर, पत्र्यावरून बांधावर, बांधावरून सोसायटीच्या भिंतीवर. रखवालदाराने हिंदीत हरकत घेतली. आजोबांनी त्याच्या हातात एक टोक दिले. मग तोही धावू लागला. पिवळे फिकट होत गेले, लाल गुलाबी झाले. आजोबा दर तासाला येऊन माझ्याकडे रागाने बघायचे आणि परत पळायचे.

रविवारी सकाळी कोंडिबाचा टेम्पो आला. अपेक्षा मॅडमचा अजून पत्ता नव्हता. आजोबा भिंतीवरचे बुरणूस उलटत होते. कोंडिबाने विचारले, मेंढ्या भरायच्या ना?

आजोबांनी मान वळवली नाही. “मागनं ये. ऊन निगून चाललंय.”

“मागनं म्हंजी कवा?”

“आरं, मेंढरं तुला दिल्यावर फुडल्या साली मी काय वाळवू?”

खुर्चीतल्या राजाबाईंनी हे ऐकले. कोंडिबासाठी चहा ठेवायला आत जाताना त्यांनी पदराने माझे झाकण पुसले. मित्रांनो, मी लोखंडाचे आहे, पण तेव्हा मला भरून आले.

अपेक्षा मॅडम दुपारी आल्या. त्यांनी बुरणूस मोजले तर अकराच. बाराव्याचा एक कोपरा गुलाबी राहिला होता आणि राजाबाई नेमक्या त्यावर बसल्या होत्या. गुडघे धरलेत, उठवत नाही, असे त्यांनी सांगितले. मॅडमनी आग्रह केला नाही. अकरा घेतले आणि पुढच्या वर्षीचे चोवीस सांगून गेल्या.

मित्रांनो, मला घडवणारा कारखाना आता बंद आहे. माझे सुटे भाग जगात कुठेही मिळणार नाहीत. तेव्हा आपल्या घरातल्या जुन्या यंत्रांना वेळच्या वेळी पुसत जा, तेल घालत जा. पूजा तर जरूर करा. फक्त आधी झाकण लावा.