हात पुढे करा

“हात पुढे करा,” अंबिका सिस्टरने सांगितलं आणि वॉर्डात काम करणारी सगळी माणसं हात पसरून रांगेत उभी राहिली. शेवटून दुसरा तिचा नवरा होता.

मिल बंद पडल्यावर रघुवीर कितीतरी दिवस मल्हारगंजातल्या घरी नुसता बसून होता. मग या नव्या प्रायव्हेट हॉस्पिटलात ठेकेदारामार्फत वॉर्डबॉय घेऊ लागले, तेव्हा अंबिकेनेच मेट्रनला गळ घालून त्याला चिकटवलं. मिलमध्ये कापड विणायच्या साच्यांवर हुकमत गाजवलेला माणूस बेडपॅन उचलू लागला. पुढे स्टाफच्या ट्रेनिंगचं कामही तिच्याकडे आलं. हात कसे धुवायचे, हातमोजे कधी बदलायचे, वापरलेली सुई कुठे टाकायची, हे ती शिकवायची आणि तो मागच्या बाकावर खाली मान घालून ऐकायचा.

अलीकडे तो घरी चमच्याने जेवू लागला होता. त्या सकाळी चहाचा कप घेताना तिला दिसलं. त्याच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, एकीत पू होता. हात धुवायचं औषध त्याला सोसत नव्हतं.

“अहो, असल्या हातांनी पेशंटला शिवायचं नसतं. मीच शिकवते ना सगळ्यांना?”

“दो-चार दिवसांत भरून जाईल,” तो म्हणाला. “ठेकेदाराला पता लागला तर तो उद्याच दुसरा माणूस उभा करेल. बस, तू चुप रहा.”

ती ‘बरं’ म्हणाली आणि रोजच्यासारखी त्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसली. पण हॉस्पिटलात पाऊल टाकताच मेट्रनने सांगितलं, ऑपरेशन झालेल्या दोघांच्या टाक्यांत पू झालाय, राउंडच्या आधी सगळ्यांचे हात तपासा.

ती रांगेतून सरकत त्याच्यापाशी आली. त्याने बोटं आत मुडपली होती आणि नजर भिंतीवर ठेवली होती. मेट्रन दारात कुणाशी तरी बोलत होती. पुढच्या माणसाकडे वळलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पलीकडच्या खाटेवर कालच पोटाचं ऑपरेशन झालेली एक पोरगेली बाई ड्रेसिंगची वाट बघत होती. तिला उचलून ट्रॉलीवर घ्यायचं काम रघुवीरचं होतं.

बाकी वॉर्डबॉयना ती नावापुढे ‘भिया’, म्हणजे भाऊ, लावायची; याला घरात ‘अहो’, चारचौघांत ‘आमचे हे’. लग्नातल्या उखाण्यानंतर तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं.

“रघुवीर भिया,” ती म्हणाली, “तुम्ही वॉर्डात थांबू नका.”

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं.

“जी, सिस्टर.”

त्याने एप्रन काढला, नीट घडी करून स्टुलावर ठेवला आणि तो जिना उतरून गेला. दुसरी बॅच खोळंबली आहे, असं मेट्रन म्हणाली, म्हणून अंबिका शिकवायला गेली. साबण, पाणी, बोटांच्या फटी. आवाज तिचाच होता.

दुपारी जिन्याच्या खिडकीतून तिने खाली पाहिलं. तो घरी गेला नव्हता. दोघं एकाच सायकलवर येत-जात, आणि तिची ड्यूटी सुटायला अजून पुष्कळ वेळ होता. कॅरियर उन्हाने तापू नये म्हणून त्यावर आपला रुमाल पसरून तो सायकलीशेजारी उभा होता.