मिरजोळ्यातला गाळा

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आनंदाचा गाळा दोन पावसाळे बंद होता, आणि बंद गाळ्याला गिऱ्हाईक हुडकायला जावं लागत नाही. कुणी सिमेंटवाला आला, कुणी पाण्याच्या बाटल्यांवाला. आनंदानं एकेकाला वाटेला लावलं. एकाला सांगितलं पत्रा गळतो, दुसऱ्याला सांगितलं विजेचं काही खरं नाही. पत्रा ठणठणीत होता आणि विजेचं बिल तो इमानेइतबारे भरत होता. माणूस मुळात लबाड नव्हे, पण पोराच्या पायी बाप काय काय बोलून जातो.

पोर म्हणजे भावेश. मिरकरवाड्याच्या बंदरात उन्हापावसात मच्छीमार बोटींची इंजिनं खोलण्यात आनंदाची उमर गेली. भावेश हाताशी आला तेव्हा त्यानं हा गाळा घेतला. पोराच्या डोक्यावर तरी पत्रा असावा, एवढंच मनात. बापलेकांनी काही वर्षं इथं मिळून काम केलं. मग भावेश मस्कतला गेला, 'दोन वर्षं कमावतो नि येतो' म्हणून. तिकडेच त्याचं बस्तान बसलं, लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली. इकडे आनंदाची पाठ धरली आणि काम सुटलं. तरी अधूनमधून तो गाळा उघडायचा, इंजिन उचलायच्या साखळीला तेल लावायचा आणि शटर ओढून घरी यायचा. उचलायला इंजिनच नाही तर तेल कशाला, हे त्याच्या बायकोनं, आवडाबाईनं, त्याला कधी विचारलं नाही.

अशात पावस गावची स्वानंदी आली. बापाची कलमांची बाग, आणि ही पोरगी तिथला आंबा थेट पुण्या-मुंबईच्या घरोघरी पाठवायची. तिला ना पत्रा गळण्याची भीती, ना विजेची.

"काका, घरात आता जागाच नाही हो," ती म्हणाली. "ओटीवर आंब्यांची अढी, पडवीत खोकी. आई म्हणते, देव्हारा तेवढा मोकळा राहिलाय, तिथंही आंबे मांड. मला तुमचा गाळा द्या. पण तीन वर्षांसाठी. लाद्या घालायच्या, ओटे बांधायचे आणि अकरा महिन्यांत उठायचं, हे परवडणार नाही मला."

"अकराच म्हैने. त्याच्यावर नाय," आनंदा म्हणाला. "माजा पोर येनार हाय. त्याला जागा लागल."

"कधी येणार आहे?"

पोरीनं साधाच प्रश्न विचारला होता. आनंदानं शटरकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे.

"येल," तो म्हणाला.

संध्याकाळी आवडाबाईनं मस्कतला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. स्वानंदीचं सगळं ऐकून भावेश हसला. "देऊन टाका ना बाबा! तीन काय, पाच वर्षं द्या. मी काय आता तिथं येऊन इंजिनं खोलनार हाय?"

बोलला तो मायेनंच. त्यात तुसडेपणा असता तर आनंदाला रागवता तरी आलं असतं. तो "बरं" म्हणाला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून, मूठ कानाशी धरून, डोळे मिटून आतलं दुखणं ऐकणारा भावेश त्याला दिसत होता. पोर डोळ्यांसमोर हवं होतं, बस्स. दुसरं काही नको होतं. आत कालवण निवून गेलं तरी तो जेवायला आला नाही.

करार तीन वर्षांचा झाला.

माघात स्वानंदीचा टेम्पो खोकी घेऊन गाळ्याशी आला. बरोबर प्रतवारी करणाऱ्या बाया आणि तिच्या बापाच्या बागेतला जुना गडी, भागोजी. तो शटरला आडवा उभा राहिला.

"गाऱ्हाणं घातल्याबिगर एक खोका आत जायाचा नाय. आनि जागेच्या धन्यानंच घालायचं."

ते रीतीला धरूनच होतं. नवं काम सुरू करताना जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवायचा, मोठ्यानं मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. आनंदा दर दसऱ्याला याच जागी गाऱ्हाणं घालत आला होता. त्याची जीभ त्या वाटेनं इतकी गेलेली, की तिला वाट दाखवायला नको. तो नारळापुढे उभा राहिला.

"बा देवा महाराजा, ह्या जागेच्या राखनदारा! आज ही लेक तुज्या दारात आलीय, तिला आपली म्हन."

"व्हय महाराजा!"

"तिच्या मालाला बरकत दे, कुनाची नजर लागू देव नको."

"व्हय महाराजा!"

"आनि माजा भावेश परमुलखात गेलाय, त्याला माघारी आन, नि ह्यो गाळा त्याच्या हातानं पुन्हा चालता कर!"

"व्हय महाराजा!"

पत्रा दणाणला. स्वानंदीही हात जोडून सर्वांबरोबर ओरडली, आणि आपण काय मागून बसलो हे मग तिच्या ध्यानात आलं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. भागोजीनं डोकं खाजवलं.

"असू दे काका," स्वानंदी हळूच म्हणाली. "आला तर आनंदच आहे."

पण आनंदाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. चालत्या इंजिनात कुठला सिलिंडर पेटत नाही हे लांबून ओळखणारा त्याचा कान, आणि त्या आरोळीत त्याला एक आवाज कमी भरला होता. त्याच्याबरोबर आलेली आवडाबाई दाराशी उभी होती. हात जोडलेले, तोंड मिटलेलं.

तो तिच्याजवळ गेला. "तू का नाय बोललीस?"

"कशी बोलू?" ती म्हणाली. "तितं त्याचं घर हाय, पोरीची शाळा हाय. ते सगळं मोडल्याबिगर तो हितं कसा येल? मी रोज देवाला म्हनतंय, त्याचं हाय ते नीट चालू दे. मंग ह्याला व्हय कसं म्हनू?" तिनं पदर डोळ्यांना लावला. "यावा असं मला पन वाटतं ओ. लय वाटतं."

कुणी घाई केली नाही, टेम्पोवाल्यानंसुद्धा नाही. मग आनंदा परत नारळापुढे गेला.

"बा देवा महाराजा, चुकलं माकलं पदरात घे. माजा भावेश जितं हाय..."

पुढचा शब्द येईना. त्यानं पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच अडला.

आवडाबाई पुढे आली, नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही, पण तिला कुणी अडवलं नाही.

"तितंच त्याला सुखी ठेव," ती म्हणाली.

बाकीचे तोंड उघडायच्या आत आनंदाच म्हणाला, "व्हय महाराजा."