सकाळचं माप

पाच, दहा, पंधरा — प्लास्टिकच्या चिमुकल्या पेल्यावरच्या या रेघा शिवकन्येला डोळे मिटूनही, नुसत्या बोटानं वाचता आल्या असत्या, कारण असलाच एक पेला, खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला, घरी पिठाच्या डब्यामागं होता... आणि तो खोकल्यासाठी नव्हता. बेबीनंदा सिस्टरनं पिवळं औषध ओतलं, रेघेशी डोळा नेला. शिवकन्येनं मान फिरवली. मीही असाच डोळा न्यायची. रोज सकाळी, चहाच्या आधी.

"बद्रीभाऊ, हात पुढं करा. बोटं फाकवा."

खाटेवरून बद्रीनाथचे हात पुढं आले आणि थरथरत राहिले, कालच्यापेक्षा जास्त. सिस्टरनं कागदावर लिहिलं. घाम. नाडी एकशे सोळा. मग वर न बघता विचारलं, "वहिनी, सकाळी न्हाई ना लागायची यांना?"

परवा, जालन्याच्या या दवाखान्यात आल्या आल्या, डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. दारू सोडवायची तर गोळ्या किती द्यायच्या हे आधी किती प्यायचा, कधी प्यायचा यावर ठरतं, तेव्हा खरं सांगा, म्हणाले होते. शिवकन्येनं सांगितलं — संध्याकाळी एक क्वार्टर. सकाळी कधीच न्हाई. शेजारी सासू, झुंबरबाई, उभी होती.

आताही सासूच बोलली, बाकड्यावरून. "सकाळी? माझ्या सुनेच्या राज्यात? बाटलीला बोट लावलं न्हाई तिनं कधी. वासबी चालत न्हाई तिला."

"सगळ्यांच्या सुना अशा असत्या तर माझी नोकरी गेली असती, आजी," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या खाटेकडं वळली.

दोन वर्षं झाली... कुंभार पिंपळगावातलं शिलाईचं दुकान, लग्नसराई, नवरदेवाचा सफारी दुपारी द्यायचा आणि सकाळी सातला बद्रीनाथच्या हातात दोरा ठरेना — सुईच्या नाकापाशी जायचा, चुकायचा, पुन्हा जायचा, आणि मग चालत्या मशीनची सुईच नखातून आरपार — तेव्हा तिनं, आदल्या रात्री लपवलेल्या बाटलीतून, तिनंच, त्या पेल्यानं दोन वेळा... आणि थोड्या वेळात ते हात असे स्थिर झाले, असे देखणे, की तिला — हे कुणाला सांगू — आनंद झाला. मग रोज. मापानंच. दोन पेले, पुढं चार, पुढं सहा. हात चालण्यापुरतं दे, तो म्हणायचा, आणि दोऱ्याचं टोक तिच्या ओठांपुढं धरायचा, ओलं करायला. त्याचं स्वतःचं तोंड सकाळी कोरडं पडलेलं असायचं.

परवाही. एसटीत चढायच्या आधी, स्टँडच्या मागं. शेवटचं म्हणून.

(मग नवऱ्याला कुणी बिघडवलं, असं कुणी विचारलं तर?)

(संध्याकाळची त्याची होती. सकाळची माझी.)

दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन आत येत असताना, बद्रीनाथ उठून बसला. डावा हात वर धरलेला, उजव्या हाताची चिमूट. समोर काही नव्हतं. चिमूट पुढं गेली, चुकली, मागं आली. पुन्हा गेली.

"काय करून राह्यले?" शिवकन्येनं विचारलं.

"दिसत न्हाई का? सुईचं नाक सापडंना." त्यानं तिच्याकडं पाहिलं — ओळखलं का? — आणि चिमूट तिच्या ओठांपुढं धरली. "ओलं कर. जल्दी. नवरदेव येऊन बसलाय बाहेर."

झुंबरबाई बघत होती. सासू बघते आहे हे शिवकन्येला पाठीतूनही कळत होतं. तिनं ओठ उघडले, तो नसलेला दोरा ओला केला, त्याच्या हातात परत जाऊ दिला, आणि उठून सिस्टरच्या टेबलाशी गेली.

"मी खोटं बोलले. सकाळी लागते यांना. मीच द्यायची. दोन वर्षं झाली. परवा येतानाबी दिल्ती."

बोलून झालं आणि... पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला, एवढंच.

"किती?"

"सहा पेले. असले."

"काठोकाठ?"

"पंधराच्या रेघेपर्यंत," ती म्हणाली, आणि रेघ आपण कधी ओलांडली नाही याचं तिला अशा वेळीही बरं वाटलं.

डॉक्टर आले. इंजेक्शन. कागदावरचा गोळ्यांचा आकडा खोडून मोठा झाला. तो चुकत राहिलेला हात डॉक्टरांनी धरला, हलकेच खाली ठेवला, मग तिला म्हणाले, "घरी एकदम बंद केली असती तर झटके येऊन जिवावर बेतलं असतं, ताई. पण हे परवाच सांगितलं असतं तर त्यांचे हे दोन दिवस एवढे वाईट गेले नसते." पहिलं वाक्य तिनं लगेच घेतलं. दुसरं राहू दिलं. मग तेही घेतलं.

झुंबरबाई पदर पुढं ओढून नळावर गेली आणि घासलेलाच डबा पुन्हा घासत बसली. तो आवाज आत येत राहिला, खर्र, खर्र... रागाचा की आणखी कशाचा, घरी गेल्यावर कळेल. कदाचित वर्षभर कळणार नाही.

चार वाजता बद्रीनाथ झोपला. छातीवरचे हात अजून हलत होते, पण आता ते श्वासाबरोबर. ते किती हलतात हे दर दोन तासांनी कुणीतरी दुसरं बघणार होतं, लिहिणार होतं, चुकलं तर खोडणार होतं, आणि शिवकन्येचे खांदे आपोआप एवढे खाली आले की ते इतके दिवस वर होते हे तिला तेव्हा समजलं. उद्या सहाला जाग येईल, सवयीनं. आणि मला काही करायचं नसेल. आठवड्यानं तो शुद्धीत बघेल, विचारेल — का देत होतीस? किंवा — का सांगितलंस? तिनं भीती शोधली, जिथं ती नेहमी असायची, बेंबीच्या जराशी वर. तिथं भूक होती. साधी, दुपारी जेवायचं राहून गेल्याची.