आवडाबाईचा हात

मित्रांनो, मी गवत दाबायचा एक जुना लाकडी प्रेस आहे. शीळफाट्याच्या गवताच्या वखारीत मागच्या कुंपणाशी उभा असतो. माझ्या पेटीत हल्ली कोंबड्या अंडी घालतात. घालोत बापड्या, माझा राग त्यांच्यावर नाही.

सत्तेचाळीस साली सहदेव सुताराने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. पेटीत गवत भरायचं, हमाल काळुरामने आत उतरून ते तुडवायचं, मग दोघांनी दांडा ढकलत माझा स्क्रू फिरवायचा आणि काथ्याने गासडी बांधायची. दिवसाला चाळीस झाल्या की सगळ्यांच्या कंबरेचा काटा ढिला व्हायचा. खरं सांगतो, माझ्या गासड्या ओबडधोबड असायच्या. तरी मुंबईचे तबेलेवाले त्या डोळे मिटून घ्यायचे, ते गवत पारखणाऱ्या आवडाबाईमुळे. गवत पेटीत पडण्याआधी ती ढिगात खांद्यापर्यंत हात खुपसायची. "आत ऊब हाय, आज दाबू नका," म्हणाली की काम बंद. दवात कापलेलं गवत दाबलं तर आतल्या आत तापतं, कुजतं, कधी पेटही घेतं. बांधलेल्या गासडीतही ती हात घालून बघायची. माझी गासडी सैल, म्हणून हात आत जायचा.

त्रेपन्न साली वखारीचे मालक गुरुदत्तशेठ यांनी इंजिनावर चालणारं विलायती यंत्र आणलं. तासाला चाळीस गासड्या, विटांसारख्या चौकोनी, तारेने आवळलेल्या. मालगाडीच्या डब्यात त्या अशा नीट बसायच्या की मला माझीच लाज वाटली. हेवा केला मी, लपवत नाही.

"बाई, तुझा हात बाहेर निघेपर्यंत दहा गासड्या होतात," असं म्हणून शेठनी आवडाबाईला अंगण झाडायला लावलं. माझा नुसता जळफळाट झाला.

त्या दिवाळीनंतर दवाचं गवत तसंच यंत्रात गेलं. पाचव्या दिवशी थप्पीतून तंबाखूसारखा वास सुटला. मला तो सगळ्यांच्या आधी कळला, पण सांगणार कसा? तेवढ्यात आवडाबाई झाडू टाकून धावली. त्या घट्ट गासडीत तिची बोटंही शिरेनात.

"शेठ, तार तोडा."

"उद्या डबे लागायचेत, माल फोडू नकोस," शेठ म्हणाले.

काळुराम पकड घेऊन आला आणि त्याने तार तोडली. आवडाबाईने हात घातला आणि ओरडत मागे घेतला. तळवा भाजला होता. आतलं गवत काळंठिक्कर पडलं होतं, वाफा निघत होत्या. दिवसभर सगळ्यांनी थप्पी उपसली, तेव्हा कुठे वखार वाचली.

"उद्यापासून यंत्राजवळ बस," शेठ खालच्या आवाजात म्हणाले.

"बसंन. पन मी ढिगातून हात काढेपर्यंत इंजिन बंद पायजे."

शेठनी कबूल केलं. तिला बसायला पाट हवा म्हणून माझंच झाकण उचकटून दिलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

पंधरा दिवस इंजिन थांबत होतं. हल्ली ते घरघरतच राहतं आणि शेठ घड्याळ बघत उभे असतात. मित्रांनो, नवं यंत्र खुशाल चालवा, मला तेलपाणीही करू नका. फक्त ते इंजिन क्षणभर बंद ठेवा. घाईघाईत आवडाबाईचा हात आता ढिगात कोपरापर्यंतच जातो.