मंगळवारची होडी

मंगळवारी समुद्रात होडी जात नाही, हे किनाऱ्यावरच्या क्वापोआनो गावात शेंबडं पोरही सांगेल. विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉक्टर बोआतेंगना ते आठ महिन्यांत चारदा सांगून झालं होतं. तरीही त्या मंगळवारी सकाळी, विद्यापीठाच्या तीन गाड्या वाळूत उभ्या असताना, त्यांनी आपली विद्यार्थिनी, याच गावची अराबा, हिला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "एक होडी आत घालायचीय. अर्धा तासच. परीक्षकांना जाळ्यातून प्लास्टिक निघताना बघायचंय."

अराबाला आधी वाटलं, सर गंमत करतायत.

"सर, आज मंगळवार आहे."

"मला कॅलेंडर वाचता येतं."

"आज समुद्राचा विसाव्याचा दिवस. आज कुणी जाळं टाकत नाही. मी तुम्हाला..."

"मंगळवार ठेवा असं तूच म्हणाली होतीस ना?"

ते खरं होतं, आणि म्हणूनच तिचा जास्त संताप झाला. मंगळवारी सगळे मच्छीमार किनाऱ्यावर असतात, फाटकी जाळी सांधत बसतात, दोन शब्द बोलायला त्यांना वेळ असतो. परीक्षकांनी माणसांना भेटावं म्हणून तिने तो दिवस सुचवला होता. सरांनी त्यातलं 'सगळ्या होड्या किनाऱ्यावर' एवढंच ऐकलं. होड्या रिकाम्या, म्हणजे वापरायला मोकळ्या! किनाऱ्यापासून लांब, कुमासीकडे, समुद्र नकाशात बघत वाढलेला माणूस, त्याच्याकडून आणखी काय व्हायचं?

विद्यापीठाने स्पर्धा ठेवली होती. विद्यार्थ्यांनी आपल्या भागातला एक प्रश्न घ्यायचा आणि त्यावर प्रत्यक्षात जमेल असा उपाय सुचवायचा. जिंकेल त्या गटाचा उपाय एक कंपनी उभा करून देणार. बहुतेक गटांनी मोबाइलची अ‍ॅप काढली होती. कचऱ्याचं अ‍ॅप, गटाराचं अ‍ॅप, डासांचं अ‍ॅप. अ‍ॅप शोधून द्यायचं अ‍ॅप तेवढं कुणी काढलं नाही, हेच नशीब.

अराबाच्या गटात दोघंच, ती आणि ओपोकू. त्यांच्या उपायात चमकदार असं काहीच नव्हतं. जाळ्यात मासे कमी आणि पाण्याच्या रिकाम्या पिशव्या, काळ्या थैल्या जास्त येतात. मच्छीमार शिव्या देत ते सगळं परत समुद्रात फेकतात आणि दुसऱ्या दिवशी तेच परत ओढतात. अराबाचं म्हणणं एवढंच की प्रत्येक होडीला एक पोतं द्या. येईल ते पोत्यात भरा, किनाऱ्यावर आणा. किनाऱ्यावर हाताने चालणारं एक दाबयंत्र ठेवा, गठ्ठे बांधा, आठवड्यातून एकदा ट्रक येऊन ते शहरातल्या कारखान्यात नेईल. बास. तिच्या थोरल्या भावाची, एबोची, दोन बोटं अशाच एका थैलीने नेली होती. थैली इंजिनाच्या पंख्याला गुंडाळली, लाटा डोक्यावर आलेल्या, ती सोडवायला त्याने हात घातला आणि पंखा फिरला.

पण त्रेचाळीस होड्यांनी पोती भरून आणायची तर मच्छीमारांच्या मुखियाचा, नाना एसिल्फीचा, होकार हवा. सहा महिने अराबा त्याच्या अंगणात जाऊन बसली. कधी त्याने तिला केंके, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे उंडे, खायला घातले, कधी हाकलून दिलं. "पुस्तकवाले येतात, फोटो काढतात, जातात," तो म्हणायचा. शेवटी तो किनाऱ्यावर उभा राहिला, सगळ्या नाखव्यांसमोर त्याने वाळूवर दारू ओतली आणि समुद्राला शब्द दिला की जाळ्यात आलेली घाण परत आत जाणार नाही. मग अराबाकडे वळून म्हणाला, "तुझ्या लोकांकडून मला एकच हवं. आमचा मंगळवार मोडायचा नाही. ज्या दिवशी मोडाल त्या दिवशी हा शब्द गेला, पोती गेली, तूही गेलीस." अराबाने विद्यापीठाच्या नावाने हो म्हटलं होतं. आता ते विद्यापीठ गुडघ्यापर्यंत पँट दुमडून वाळूत उभं होतं.

"सर, नानाचा शब्द तुटेल. मग एक पोतंही येणार नाही. आपण जिंकलो तरी काय करायचं त्या यंत्राचं?"

"आधी जिंकूया तर," सर म्हणाले.

तेवढ्यात खाडीकडून इंजिनाचा आवाज आला. ओपोकूने पलीकडच्या गावातून एक फायबरची होडी ठरवून आणली होती. तिचा मालक इथला नव्हता, त्याला मंगळवारशी देणंघेणं नव्हतं. होडी वाळूला लावून तो चहा प्यायला गेला. दोन परीक्षक बुडू नये म्हणून भगवी जाकिटं चढवत होते. कंपनीकडून आलेल्या बाई गोड हसत होत्या.

"किती छान परंपरा आहे तुमची," त्या अराबाला म्हणाल्या. "पण आमचा ड्रोनवाला दुपारी अक्राला परत जाणार ना."

अराबाने ओपोकूला दंडाला धरून ओढलं. "तुला माहीत होतं. तू नानासमोर बसला होतास!"

"अगं, हळू! नाना घरी झोपलाय. कोण बघतंय?"

"डोळे फुटले का तुझे? मागे बघ."

मागे वाळूभर जाळी पसरली होती आणि दीडशे माणसांचे हात थांबले होते. चारपाच तरणी पोरं वल्ही हातात घेऊन उठली होती. एबो त्यांच्यात होता. दोन बोटं नसलेल्या हातात त्याला वल्हं नीट धरता येत नव्हतं, पण त्याने धरलं होतं.

"हे बघ," ओपोकू कुजबुजला, "आपण दुसऱ्या नंबरवर आहोत. पाच मिनिटांची फिल्म, आणि यंत्र तुझ्याच किनाऱ्यावर येणार. तुझ्या गावासाठीच मरतोय मी!"

"माझ्या गावासाठी मरू नकोस. गप्प बस, तेवढं पुरे."

बाई होडीत चढल्या. सर चढले. अराबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेले आठ महिने ती या माणसांच्या मागे विनवण्या करत फिरली होती. कृपया सर, धन्यवाद मॅडम, आपला अमूल्य वेळ. त्या प्रत्येक शब्दाची तिला आता शिसारी आली. ती सरळ होडीच्या मागच्या टोकाला गेली, वाकली आणि इंजिनाला जाणारी पेट्रोलची नळी तिने हिसडून काढली. मच्छीमाराची पोर ती, हे काम तिला आठव्या वर्षापासून येत होतं. नळी तिने मनगटाला गुंडाळली.

"उतरा," ती म्हणाली.

"अराबा!"

"उतरा सर. मॅडम, तुम्हीपण. आज समुद्र बंद आहे. चालायला किनारा आहे, बोलायला दीडशे माणसं आहेत. विचारायचं ते त्यांना विचारा. नाहीतर गाड्या तिकडे उभ्या आहेत."

बाईंचं हसू मावळलं. "ही मुलगी नेहमीच अशी वागते का?" त्यांनी सरांना विचारलं. उतरताना सरांचा पाय घसरला आणि ते कंबरेपर्यंत भिजले. कुणी हसलं नाही.

दीडशे माणसांपैकी एकालाही कुणी काही विचारलं नाही. दुपारी दोनपर्यंत तिन्ही गाड्या गेल्या. संध्याकाळी फोनवर निरोप आला की गट स्पर्धेतून बाद, कारण सहकार्याचा अभाव. अराबाने मालकाची नळी परत केली आणि घरी येऊन आईच्या धुरकट शेडमध्ये मासे उलटत बसली. रडली नाही. तिला एवढा राग आला होता की रडायला जागाच उरली नव्हती.

पोती भरायला बुधवारपासून सुरुवात करायचं आधीच ठरलं होतं. बुधवारी सकाळी होड्या परतल्या आणि प्रत्येकीतून एक पोतं उतरलं. काही अर्धी, काही तोंडापर्यंत भरलेली. त्रेचाळीस पोती वाळूत ओळीने उभी राहिली. पाणी गळत होतं, वासाने जीव नकोसा होत होता. नाना एसिल्फी काठी टेकत आला.

"तुझं यंत्र कधी येतंय?"

"येणार नाही, नाना. बाद केलं आम्हाला."

"कालच्या भानगडीवरून?"

"हो."

एक तरुण नाखवा पुढे झाला. "मग कशाला हा उकिरडा घालायचा इथे? द्या परत आत फेकून."

"समुद्राला दिलाय शब्द," नाना कडाडला. "त्या भिजलेल्या माणसाला नाही! मंगळवार शाबूत आहे, शब्दही आहे. एकही पिशवी आत जाणार नाही." मग अराबाकडे बघून जरा खाली आवाजात म्हणाला, "पण पोरी, ठेवायचं कुठे हे? उद्या आणखी येईल."

नानाचा शब्द, नाखव्यांची मेहनत, सगळं जागच्या जागी होतं. नव्हतं ते फक्त अराबाने आणायचं कबूल केलेलं यंत्र. लाज आणि संताप यांत आधी काय आलं ते तिला सांगता आलं नसतं. आई शेडच्या दारातून बघत होती. उद्या तिचा ट्रक भाजलेल्या माशांच्या टोपल्या घेऊन शहराच्या बाजारात जायचा होता, आणि बाजाराच्या वाटेवर विद्यापीठ होतं.

"मामे," अराबा आईला म्हणाली, "ट्रकमध्ये जागा आहे?"

आईने पोत्यांकडे पाहिलं, मग लेकीकडे. "माझ्या माशांना याचा वास लागला तर तुलाच बाजारात बसवून विकीन. टोपल्या वर, पोती खाली. आणि ताडपत्री नीट घाल."

गुरुवारी अकरा वाजता बक्षीस समारंभ होता. पहिला नंबर अर्थात अ‍ॅपचा आला. किनाऱ्यावरच्या प्लास्टिकचा फोटो काढून त्यावर टाकला की नकाशात लाल ठिपका उमटायचा. सभागृहात टाळ्या चालू असताना ट्रक पायऱ्यांशी येऊन थांबला. पहारेकरी धावत आला तोवर एबो आणि आणखी तिघांनी पोती उतरवायला घेतली होती. अराबाने एकेकाचं तोंड सोडलं आणि उलटं केलं. पिशव्या, थैल्या, दोरीचे गुंते, चपला, शेवाळ, मेलेले खेकडे वरच्या पायरीपासून खालपर्यंत घसरत गेले. तिसाव्या पोत्याला सभागृहाचं दार उघडलं. पुढे बोआतेंग, मागे नाकाला रुमाल लावलेल्या बाई, त्यांच्यामागे गळ्यात पट्टे अडकवलेले विजेते आणि ओपोकू.

"हा काय तमाशा आहे?" सर ओरडले.

"तुम्हाला जाळ्यातून निघालेलं बघायचं होतं ना, सर? बुधवारी निघालं."

"आत्ताच्या आत्ता उचल हे सगळं!"

अराबाने एकतिसावं पोतं त्यांच्या बुटांवर रिकामं केलं.

"कोणी उचलायचं, हाच तर आमचा प्रश्न होता. आम्ही उपाय दिला, तुम्ही बाद केलात. आता तुम्ही सुचवा."

सर खाली बघत राहिले. बुटावर एक खेकडा होता, आणि तो मेलेला नव्हता. मागे कुणीतरी फोन काढला, फोटो काढला आणि लाल ठिपका उमटला. बाकी काहीच झालं नाही. अराबाने उरलेली बारा पोती ओतली, रिकामी झालेली सगळी नीट झटकून घडी घातली आणि ट्रकमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे होड्यांना ती लागणार होती.