उजेड माझा कमी नव्हता

मित्रांनो, मी विट्यातल्या एका घरात उभा असलेला दिवा आहे. घरातले सगळे मला लॅम्प म्हणतात. जुना म्हणावे एवढे माझे वय नाही, पण ज्या कामासाठी मला आणले ते काम आता संपले आहे, म्हणून मी स्वतःला जुन्यातच धरतो.

माझा जन्म कोइमतूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेच्या नळीला हळूहळू बाक दिला, ती माझी मान. वेताच्या बारीक काड्या विणून टोपी केली. खाली जड दगडाची बैठक बसवली, म्हणजे मान कितीही पुढे झुकली तरी मी पडू नये. माझ्या वायरवर एक गोल बटण आहे. ते फिरवत नेले की माझा उजेड मंद असतो तो वाढत वाढत लख्ख होतो. दुकानाच्या काचेमागे मला उभे केले तेव्हा येणारे-जाणारे थांबून बघायचे, हात लावायचे आणि पुढे जायचे.

मला घेतले ते तानाजींनी. ते मूळचे विट्याचे. तिथल्या पुष्कळ जणांसारखे तेही सोने गाळायच्या धंद्यासाठी परमुलखात, कोइमतूरलाच, राहायचे. त्यांच्या पत्नी, रेश्माताई, विट्यातच राहून नवरीच्या ब्लाउजवर आरीवर्क करायच्या. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचे आणि आकड्यासारख्या टोकाच्या सुईने मणी, जर, टिकल्या एकेक टाचत जायचे, असे ते काम. एकदा व्हिडिओ फोनवर बोलताना तानाजींना दिसले की रेश्माताईंच्या पाठीमागे ट्यूब आहे आणि त्यांच्याच डोक्याची सावली कापडावर पडते आहे. दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. मला त्यांनी आपल्या चादरीत गुंडाळले, गाडीत झोपायच्या जागेवर आडवे ठेवले आणि स्वतः कडेला अंग चोरून बसून घरी आले.

त्यांच्या नव्या घरात दिव्यांना तोटा नव्हता. छताच्या कडेने लपवलेल्या उजेडाच्या पट्ट्या होत्या, जिन्यात पायरीपायरीला बारीक दिवे होते, जेवणाच्या टेबलावर काचेचे गोळे लोंबत होते. पण ते सगळे पाहुण्यांसाठी. पाहुणे गेले की तानाजींच्या आई, साळूबाई, एकेक बटण बंद करत घरभर फिरायच्या. मला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. तिचं काम चाललंय, असे म्हणून पुढे जायच्या.

मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. रेश्माताई माझे बटण अर्धेच फिरवायच्या आणि तेवढ्यात त्यांना सगळे दिसायचे. माझ्या उजेडात त्यांनी मोर भरले, कोयऱ्या भरल्या, एका मुलीच्या बाहीवर पालखीत बसलेली नवरी भरली. साळूबाई शेजारी बसून डाळ निवडायच्या. लेक प्रांजल दप्तर घेऊन तिथेच यायची. तानाजींचा फोन आला की ते आधी विचारायचे, लॅम्प चालतोय न्हवं? आणि रेश्माताई फोन माझ्याकडे वळवून मला दाखवायच्या. कुणाच्या तरी हौसेचा आपण भाग आहोत, हे सुख मला तिथे मिळाले.

कधी बदलले ते नेमके सांगता येणार नाही. एका संध्याकाळी रेश्माताईंनी बटण अर्ध्याच्या थोडे पुढे नेले. काही दिवसांनी आणखी पुढे. मग ते शेवटापर्यंत गेले आणि तिथेच राहिले. त्या मान वर करून माझ्याकडे बघायच्या. त्यांनी माझी टोपी काढून साबणाच्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली. तरी त्यांचे समाधान होईना. मग वायरमन बिराप्पाला बोलावले. त्याने बल्ब बदलला, होल्डरही नवा टाकला आणि व्होल्टेज कमी येत असेल, असे म्हणून निघून गेला. नव्या बल्बने त्यांना थोडे दिवस बरे वाटले. पुन्हा तेच.

मी तर पूर्ण ताकदीने जळत होतो. समोरच्या भिंतीवरची बारीक भेग मला दिसत होती. पण मला तोंड नाही.

याच काळात रेश्माताई धडपडू लागल्या. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. बाजूला ठेवलेली मण्यांची ताटली पायाने उडायची आणि प्रांजल गुडघ्यांवर बसून मणी वेचायची. एकदा चहा कपाच्या शेजारी ओतला गेला. साळूबाई चिडायच्या, ध्यान कुठं असतं तुझं, म्हणायच्या. रेश्माताई हसून घ्यायच्या. लॅम्पचा उजेड पडत नाही, हे पप्पांना सांगूया, असे प्रांजलने सुचवले, तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत.

"त्यास्नी काय सांगू नगंस. लय हौसंनं आणलाय त्यांनी."

त्यामुळे फोनवर तोच प्रश्न यायचा आणि तेच उत्तर जायचे. दिवाळीला तानाजी घरी आले, तेव्हा रेश्माताई मुद्दाम मला लावून आरीच्या चौकटीपुढे बसल्या. सुई हातात होती, पण त्यांनी एकही मणी टाचला नाही. तानाजींना ते कळले नाही. आपण आणलेल्या दिव्याखाली बायको कामाला बसली आहे, एवढे बघून ते खूश झाले आणि सुट्टी संपल्यावर परत गेले.

त्यानंतर एक ब्लाउज परत आला. निळ्या पानांच्या वेलीत मधूनच हिरवी पाने भरली गेली होती. नवरीची आई वाईट बोलली नाही, पिशवी ठेवून गेली. त्यानंतर कामे कमी झाली. रेश्माताईंनी पांढऱ्या झगझगीत उजेडाचा दुसरा लॅम्प मागवला आणि मला सरकवून त्याच्या मागे उभे केले. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण त्याहून वाईट हे, की नव्या लॅम्पखालीही त्या तशाच वाकून, डोळे बारीक करून बसत होत्या.

मग ती दुपार आली. बाहेर कडक ऊन होते, खिडकी उघडी होती आणि रेश्माताईंनी दोन्ही लॅम्प लावले होते. साळूबाई पदराला लागलेला काटा काढायला उजेडात येऊन बसल्या. भर उन्हात दोन-दोन दिवे कशाला, असे त्यांनी विचारले.

"आत्ती, दोनीबी बिघडल्यात," रेश्माताई म्हणाल्या. "उजीडच न्हाई."

साळूबाईंनी वर बघितले आणि लगेच डोळ्यांवर हात धरला. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले त्यांचे डोळे माझ्या उजेडाने दिपत होते. मग त्या उठून सुनेच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि तिच्या कानाजवळ आपला हात धरला.

"माझ्याकडं वळू नगं. म्होरंच बघ. किती बोटं हायत?"

"कुठं हायत बोटं?" रेश्माताईंनी विचारले.

साळूबाईंनी दोन्ही लॅम्प बंद केले. त्या घरात त्यांनी मला बंद केले ते पहिल्यांदाच. सुनेचा हात धरून त्या तिला बाहेर घेऊन गेल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने दोघी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या.

तिथे काय झाले ते मी घरातल्या बोलण्यातून ऐकले. काचबिंदू होता. डोळ्यांच्या आतला दाब वाढत गेला आणि नजर कडेकडेने खात आत आला. एक डोळा जवळजवळ गेला होता. दुसऱ्याने फक्त समोरचे, नळीतून बघावे तेवढेच दिसत होते. घरात आणखी कुणाला होता का, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा रेश्माताईंना त्यांचे वडील आठवले. वय झाले म्हणून त्यांना अंधुक दिसते, असेच सगळे समजत आले होते. गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. राहिली आहे ती टिकवायची, त्यासाठी औषधाचे थेंब कायम घालायचे. अंधुक वाटायला लागले तेव्हाच तुम्ही आला असतात तर पुष्कळ नजर वाचली असती, असेही ते म्हणाले.

तानाजी मिळेल त्या गाडीने आले. ते माझ्याजवळच्या खुर्चीत बसले. त्यांनी माझ्या बैठकीवरची धूळ बोटाने पुसली.

"मला का सांगितलं न्हाईस?"

"आवं, काय सांगू? तुमी आणलेला लॅम्प बिघडला म्हणू?"

तानाजी रागाने मला उचलून माळ्यावर टाकायला निघाले. रेश्माताईंनी चाचपडत माझी मान धरली आणि त्याचा काय दोष न्हाई, राहू दे त्याला, एवढेच म्हणाल्या.

आरीची चौकट आता नाही. रेश्माताईंनी ती शेजारच्या राहीबाईंच्या सुनेला दिली, मणीही दिले. देताना प्रत्येक डबीतले मणी बोटांनी चाचपून, कोणता कुठे वापरायचा ते सांगितले. दुसरा लॅम्पही गेला. मी राहिलो. रोज थेंब घालायच्या वेळी साळूबाई मला लावतात. रेश्माताई खुर्चीत मान मागे टाकून बसतात आणि सासूबाई एका हाताने पापणी वर धरून औषध घालतात. पूर्वी सुनेवर ओरडणाऱ्या साळूबाई त्या वेळी फार हळू बोलतात. मध्येच रेश्माताई विचारतात, लॅम्प लावलाय का? साळूबाई हो म्हणतात.

मित्रांनो, आम्हा दिव्यांना जपा, पुसा, असे मी सांगणार नाही. आम्ही बिघडलो तर दुकानात दुसरे मिळतात. तुमच्या घरात आई, वडील, आजोबा, कोणीही उजेड कमी वाटतो म्हणाले, तर बल्ब बदलाच, पण त्या माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही घेऊन जा, आणि लवकर जा. रेश्माताईंना कोणी वेळेवर नेले नाही. त्या घरातली माणसे वाईट नव्हती. सगळे माझ्याकडेच बघत राहिले.